शेप्याची सहा कलमं

भाऊबीजेला बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या त्या घरात पाट मांडायला जागा उरली नव्हती. ओसरीवर पितळी भांड्यांची पोती, माजघरात तीन ट्रंका, भिंतीला टेकून गाद्यांच्या वळकट्या. मालती रांगोळीची वाटी हातात घेऊन त्या पसाऱ्यात उभी होती. शेवटी तिनं एक ट्रंक पायानं रेटली आणि मोकळ्या झालेल्या दोन हात जमिनीवर पाट टाकला.

“वन्सं अजून आल्या नाहीत,” ती म्हणाली. “सणाच्या दिवशीसुद्धा त्यांना रोपंच आधी.”

कुसुम दारातच होती. चपला काढता काढता तिनं ते ऐकलं आणि ती तशीच न्हाणीकडे वळली. लालबागेतल्या सरकारी रोपवाटिकेला सुटी असली तरी वाफ्यांना सुटी नसते. पहाटेच जाऊन तिनं पपईच्या रोपांना झारीनं पाणी दिलं होतं. रॉकेलच्या डब्यांत लावलेल्या लिंबांवरची पानं खाणारी अळी वेचून काढली होती. आता हात धुताना नखांतला पोयटा निघत नव्हता.

“त्या हातांनी भावाला ओवाळणार का?” मनकर्णाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “राख घे. घास.”

“घासतेय माय.”

“सहा वर्षं घासतेस. जात नाही ते.”

आईच्या बोलण्यात राग नव्हता, नेहमीची कुरकुर होती. पण गेल्या तीन आठवड्यांत घरातल्या प्रत्येक बोलण्याला एक दुसरी कड आली होती. दसऱ्याला तिच्या भावाच्या, नंदकुमारच्या नावानं हुकूम आला तेव्हापासूनच ती आली होती. हुकमाला बदली म्हणायचं तेवढंच, खरं तर ती वाटणी होती. छप्पन सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला जुनं राज्य मोडलं. नागपूर, अकोला, यवतमाळ मुंबई राज्यात गेले आणि बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात भोपाळच्या हाताखाली राहिलं. मुलूख वाटला तशी माणसंही वाटली गेली. तहसिलीतल्या कारकुनांच्या यादीत नंदकुमारच्या नावापुढे अकोला लागलं. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं बिऱ्हाड हलणार होतं.

यादीत कुसुमचं नाव नव्हतं. तिचं नाव कुठल्याच यादीत नसायचं, रोपवाटिकेच्या रोजंदारीच्या हजेरीपटाखेरीज.

ओवाळून झालं. नंदकुमारनं ताटात फिकट निळं लुगडं ठेवलं आणि नेहमीसारखा बहिणीच्या डोळ्यांकडे न बघता उठला. त्याच्या दोन्ही मुली श्रीखंडाच्या पातेल्याभोवती घुटमळत होत्या. डोईफोडिया गावाहून आदल्या दिवशी आलेले पंडितकाका ओसरीवर पोत्याला टेकून सुपारी कातरत होते. थोरल्या भावाच्या माघारी घरातलं वडीलपण त्यांच्याकडे आलेलं. वर्षातून दोनदा येऊन काका ते वापरून जात.

जेवणं झाल्यावर त्यांनीच विषय काढला.

“नंदू, गाय मी उद्या नेतो. आन् कुसुमलेबी नेतो.” सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले. “तुह्या काकीचे गुडघे गेले. भाकरी थापायला बसली की उठता येत नाही तिले. पोरगी घरची हाय, घरातच राहील. अकोल्याले दोन खोल्यांत तुम्ही किती जण मावसान?”

“नाही, काका,” मालती आतून पटकन म्हणाली. ती दारापर्यंत आलीच. “वन्सं आमच्यासोबत येताहेत. नवं गाव, मी एकटी, दोन पोरी, सासूबाईंना दमा. मी कोणाच्या भरवशावर राहायचं?”

“खेड्यातली हवा बरी असते तिला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. मग त्यांचं त्यांनाच पटलं नाही. “पण माझ्याजवळ असली तर… मला काय, मी आता किती दिवसांची.”

“असं नका हो बोलू सणाचं,” मालती म्हणाली.

नंदकुमार गप्प होता. गप्प राहून तो कोणाच्या बाजूनं आहे हे घरात सगळ्यांना ओळखता यायचं. आज मात्र कोणालाच ओळखता येत नव्हतं.

कुसुम खरकटं काढत होती. ताटांची चळत उचलून ती उभी राहिली आणि ती चळत हातात तशीच धरून म्हणाली, “मी कुठंच येत नाही. मी लालबागेत राहणार आहे.”

काकांचा अडकित्ता थांबला.

“लालबागेत कुठे?” नंदकुमारनं विचारलं.

“रोपवाटिकेतले माळी निंबाबाबा आहेत ना, त्यांच्या घरामागच्या खोलीत. त्यांच्या आशाबाईंनी रिकामी करून दिली आहे. मागे आवार आहे, विहीर आहे. दिवसा रोपवाटिकेत जाईन आणि सकाळ-संध्याकाळ माझी रोपं करीन. चाळीस डबे भरून ठेवलेत, दादा. पेरू, लिंबू, थोडी सीताफळं. इच्छापूर-शहापूरकडचे लोक रविवारी बाजाराला येतात, ते निंबाबाबांना विचारत असतात. सरकारी रोपं पुरत नाहीत.”

एवढं लांब ती या घरात फार दिवसांत बोलली नव्हती.

“रोपं विकशील?” काका हसले. ते हसणं वाईट नव्हतं, त्यांना खरंच गंमत वाटली होती. “अवं, आपून वावरवाले लोक. आपल्याकडे आंब्याचं झाड बांधावर आपोआप उगवते. ते विकत कोन घेईन?”

“आपोआप उगवलेल्याचं फळ कसं निघेल ते कोणाला सांगता येत नाही, काका. कलमाचं सांगता येतं.”

“आन् बाईमाणूस एकटी राहीन?”

“आशाबाई आहेत.”

“माळ्याच्या घरी,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “या घरात तुला कोणी काही बोललं का, कुसुम? उणं पडू दिलं?”

“नाही माय.”

“मग?”

चौदा वर्षं या घरात तिला कोणी उणं बोललं नव्हतं. तिच्यासाठी ताट वाढलेलं असे, अंथरूण घातलेलं असे. तरी मोरीजवळच्या त्या कोपऱ्यात झोपताना तिला रोज वाटे की आपण कोणाकडे तरी ठेवायला दिलेली वस्तू आहोत आणि घेऊन जाणारा यायचा राहून गेला आहे. हे आईला कसं सांगणार? ती ताटं घेऊन मोरीकडे गेली.

तिच्या मागोमाग मालती आली. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, चुलीपाशी खाली बसली आणि पदराच्या गाठीतून एक घडी पडलेलं पोस्टकार्ड काढलं.

“हे घ्या. यांच्या कोटाच्या खिशात होतं. चार दिवस झाले येऊन.”

कुसुमनं ओले हात लुगड्याला पुसले. अक्षर कोणा शाळकरी पोराचं असावं, पण बोलणं सासऱ्यांचं होतं, ते तिनं ओळखलं.

‘चि. कुसुम हिस कडूचे अनेक आशीर्वाद. लोटूने शेप्या तोडायचे ठरवले आहे. बुधवारी तोडणारे येतील. तुझी कलमे त्याआधी उतरवून ने. काप मी दिले आहेत. दिवाळीचे इथेच खाऊन जा.’

तिनं ते दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबली.

“बुधवार म्हणजे परवा,” मालती म्हणाली. “मी तुम्हाला अकोल्याला न्यायलाच बघतेय, खोटं नाही बोलत. माझी सोय आहे त्यात. पण हे दडवून नेलं, तर तुम्ही माझ्या घरात रोज पोळ्या लाटताना हेच आठवत बसाल. ते मला नको.” मग तिनं विचारलं, “शेप्या म्हणजे कोण?”

“आंबा,” कुसुम म्हणाली. “सासरचा.”

कार्ड हातात धरून ती बाहेर आली तेव्हा नंदकुमारनं ते लांबूनच ओळखलं. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“तुला वाईट वाटू नये म्हणून ठेवलं होतं,” तो म्हणाला.

“काय आहे ते?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कुसुमनं सांगितलं. श्रावणात, निंबाबाबांबरोबर खंडव्याला रोपं आणायला जाते म्हणून ती दोन दिवस गेली होती, ती खंडव्याला गेलीच नव्हती. उलट्या दिशेच्या पॅसेंजरनं रावेरला गेली होती. रायवळ आंब्याची सहा रोपं कुंड्यांसकट पोत्यात घालून, बैलगाडीवाल्याच्या विनवण्या करून ती सासरच्या वावरात गेली होती आणि म्हाताऱ्या सासऱ्याला म्हणाली होती, मामंजी, मला शेप्याच्या फांद्यांना कलमं बांधू द्या.

“त्या घरात?” मनकर्णाबाईंचा आवाज बारीक झाला. “त्या घराच्या दारात तू परत गेलीस? सतरा वर्षांची होतीस तू. माझी पोर चौदाव्या दिवशी ट्रंकेसकट गाडीत घालून दिली त्यांनी. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी नवस बोलले होते की त्या गावचा वारा तुला लागू नये.”

“माय, मी घरात गेले नाही. वावरात गेले.”

“एका आंब्यासाठी!”

“हो.”

“बाजारात काय आंबे नाहीत?”

तसा आंबा बाजारात नव्हता. हेच तर तिनं सहा वर्षं शोधून पाहिलं होतं. वैशाखात तिचं लग्न झालं आणि माघात प्रभाकर विषमज्वरानं गेला. त्या मधल्या दिवसांत आंब्याचा एकच बहर आला. मोठं घर, सासूची नजर, दिवसा नवऱ्याशी बोलायची चोरी. तो वावरातून येताना उपरण्यात एखादा आंबा गुंडाळून आणायचा आणि परसातल्या कणगीमागे ठेवून द्यायचा. बारीक कोय, पातळ साल, आणि रसाला बडीशेपेसारखा वास, म्हणून त्याचं नाव शेप्या. ती तो चोरून, उभ्या उभ्या, कोपरापर्यंत ओघळ येईतो खायची. प्रभाकरचा चेहरा आता तिला नीट आठवत नव्हता. आवाज तर केव्हाच गेला होता. डोळे मिटून त्याला आठवायला गेलं की समोर त्याचा फोटोतला चेहरा यायचा, खरा यायचाच नाही. तो वास मात्र यायचा.

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, निंबाबाबांनाही नाही. रोपवाटिकेत पहिली दोन वर्षं तिनं नुसतं पाणी घातलं, तण काढलं, खत चाळलं. तिसऱ्या वर्षी म्हाताऱ्यानं तिच्या हातात कलमाचा चाकू दिला आणि भेट कलम शिकवलं. कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल बोटभर तासायची, तासलेली अंगं एकमेकांना लावून केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालपटानं, घट्ट बांधायची आणि तीन महिने हात लावायचा नाही. ज्या दिवशी तिचं पहिलं कलम धरलं त्या दिवशी घरी येताना तिला रावेरचं झाड आठवलं आणि मग ते डोक्यातून गेलंच नाही. त्या झाडाशी कुंडी नेल्याशिवाय कलम होत नाही. म्हणजे जायलाच हवं. जायचा धीर यायला आणखी तीन वर्षं लागली.

“दादा, मला उद्या रावेरला जाऊ दे,” ती म्हणाली.

नंदकुमारनं चष्मा काढून पुसला.

“त्या दिवशी गाडी घेऊन मीच आलो होतो,” तो म्हणाला. तो आईशी बोलत होता की बहिणीशी ते कळत नव्हतं. “बावीस वर्षांचा घोडा होतो. ओट्यावर सगळे बसलेले. मी एक शब्द बोललो नाही. ट्रंक उचलली आणि आलो. मला वाटलं, हिला परत तिथे कोणी काही बोललं तर याही वेळेस मी बोलायला नसणार. म्हणून कार्ड दाबलं.” त्यानं चष्मा लावला. “सकाळी साडेसहाची पॅसेंजर आहे. स्टेशनापर्यंत पोचवतो.”

“आन् डोईफोडिया?” काका म्हणाले.

“काका, तिचं ती बघेल,” नंदकुमार म्हणाला.

मनकर्णाबाई उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी त्या कुसुमशी बोलल्या नाहीत. सकाळी मात्र फराळाची पुरचुंडी दाराशी ठेवलेली होती. त्यात चार अनारसे जास्त होते. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

रावेरच्या वावरात ती पोचली तेव्हा ऊन चढू लागलं होतं. तिन्ही बाजूंना केळी उभी होती, पानं वाऱ्यानं फाटलेली, आणि मधोमध शेप्या. लोटू, तिचा दीर, बांधावर उभा होता. आता तोही चाळिशीकडे झुकलेला, कानाजवळ पांढरा.

“वहिनी, राग नका धरू,” तो आपण होऊन म्हणाला. “सावलीत केळी येत नाही. आन् फळ तरी आता कुठं धरते ते पहिल्यासारखं. खोडाला भुंगा लागला. दोन पावसाळ्यांत पडलंच असतं.”

तिनं खोडाकडे पाहिलं. बुंध्याशी भुसा साचला होता. लोटू खोटं बोलत नव्हता. तिला उलट बरं वाटलं असतं तो खोटं बोलता तर.

झाडाखाली बाजेवर कडू मामंजी बसले होते. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे निळसर झालेले. पावलांच्या आवाजाकडे तोंड करून ते म्हणाले, “आलीस वं?”

“आले, मामंजी.” तिनं वाकून नमस्कार केला.

“उठ, उठ. आधी तुहे कलम पाहून घे. मंग पाय पड.”

श्रावणात तिनं बांबूचा माच करून त्यावर कुंड्या चढवल्या होत्या, खालच्या वाकलेल्या फांद्यांशी नेऊन बांधल्या होत्या. माच तसाच होता. कुंड्यांतली माती ओली होती. तिनं बोट खुपसून पाहिलं.

“रोज पाणी टाकलं,” म्हातारा म्हणाला. “दिसत नाही, पन बोटानं कळते. कोरडी लागली की टाकाचं. लोटूची बायको म्हने, बाबा, मुतखडा झाला का तुम्हाले, सारखे उठून वावरात जाता. मी म्हनलं, सुनेचं काम हाय.”

कुसुम माचाजवळ उभी राहून एकेक जोड बघू लागली. पहिलं कलम धरलंच नव्हतं, साल काळी पडून सुटली होती. दुसरं, तिसरं, पाचवं चांगलं होतं. सोपटाखाली गाठ फुगली होती, आणि जोडाच्या खाली फांदीला अर्धा काप दिलेला होता. निंबाबाबा सांगायचे तसाच. एकदम तोडायचं नाही, आधी अर्धं कापून पंधरा दिवस ठेवायचं, म्हणजे फांदी आईकडून घ्यायचं हळूहळू विसरते आणि रोपाकडून घ्यायला शिकते. श्रावणात जाता जाता तिनं हे मामंजींना नुसतं बोलून दाखवलं होतं. ते ध्यानात ठेवून त्यांनी आंधळ्या हातांनी काप दिले होते. चौथं आणि सहावं मात्र सुकून गेलं होतं. तिथे फांदी आरपार कापली गेली होती.

“दोन मेले ना?” मामंजींनी विचारलं.

“कसं कळलं?”

“विळा खोल गेला तवाच कळलं. हात थरथरते आता.” त्यांनी बाजेवरून पाय खाली सोडले. “सांगनार नव्हतो तुले.”

“तीन चांगली आहेत, मामंजी. तीन म्हणजे खूप झाली.”

“खरं बोल.”

“खरंच. मला वाटलं होतं एकही सापडणार नाही.”

तिनं चाकू काढला. तिसऱ्या कलमाच्या जोडाखाली पातं धरलं. उरलेला अर्धा काप सरळ, एका ओढीत पुरा करायचा होता. हात थांबला. वर पाहिलं तर पानांतून ऊन चुकत चुकत खाली येत होतं. चौदा वर्षांपूर्वी याच फांद्यांवर तो चढत असणार. कोणत्या फांदीवरून त्यानं तिच्यासाठी आंबा काढला ते विचारायचं राहूनच गेलं होतं. असले प्रश्न तेव्हा सुचायचेच नाहीत. तेव्हा वाटायचं, पुढच्या बहरात विचारू.

“प्रभाकर लहानपनी हितून पडला होता,” म्हातारा एकाएकी म्हणाला. त्याच्या तोंडून ते नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. “त्या दखनेकडच्या फांदीहून. हात मोडला. म्या मारलं वरून. मोडलेल्या हातावर नाही, दुसऱ्या.” तो हसल्यासारखं करून थांबला. “त्याची माय असती तर म्हनली असती, तुम्हाले मारन्याशिवाय काही येतच नाही. तुले गाडीत बसवलं तवा मी ओट्यावर होतो, पोरी. उठलो नाही. तुह्या भावानं ट्रंक उचलली, म्या पाहिलं. उठून एक टोक धरलं असतं तरी झालं असतं. तेबी नाही.”

बांधावर लोटू दुसरीकडे बघत उभा होता.

‘जाऊ द्या’ म्हणायची कुसुमची तयारी नव्हती. ते खरं झालं नसतं. ती म्हणाली, “माझ्या मायनं अनारसे दिलेत. खाता का?”

“दे,” मामंजी म्हणाले आणि हात पुढे केला.

तिनं तिन्ही कलमं उतरवली. रोपांचे शेंडे जोडाच्या वर छाटले, कुंड्यांभोवती ओलं पोतं गुंडाळलं. लोटूच्या बायकोनं वावरातच ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि करंज्या आणल्या, तिघांनी झाडाखाली बसून खाल्लं. तोडणारे एक दिवस आधीच, मंगळवारीच, दुपारी येऊन कुऱ्हाडींना धार लावत बसले होते. ती निघाली तेव्हा मामंजी म्हणाले, “मले फळ नाही मिळाचं. पाच वर्सं लागतीन ना?”

“चार. चांगली निगा केली तर चार.”

“तरी नाही,” ते हिशोबानं, शांतपणे म्हणाले. “पन तू खाशीन.”

लोटूनं बैलगाडी जोडली. वळणावर पहिला घाव ऐकू आला तेव्हा तिनं मागे पाहिलं नाही, कुंड्या दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवल्या. रस्ता खडबडीत होता आणि जोड अजून कोवळे होते.

*

घरी त्या तीन कुंड्या ओसरीच्या सावलीत ठेवल्या, तेव्हा आधी पंडितकाका उठून आले. गाय घेऊन आज निघायचे ते एक दिवस जास्त थांबले होते. त्यांनी गुडघ्यावर बसून जोडावरून अंगठा फिरवला, जमीन बघताना फिरवतात तसा.

“हे दोन झाडं एक झाले म्हनतेस?”

“हो.”

“आन् फळ वरच्याचं?”

“वरच्याचं.”

“माह्या बांधावर हायेत तीन-चार खोबऱ्या आंबे. लय म्हातारे. त्याचे करून देशीन?” मग ऐट सांभाळायला ते म्हणाले, “विकत नाही, घरचं म्हनून.”

“करीन. पण पुढच्या श्रावणात. आणि तुम्हाला रोज पाणी घालावं लागेल.”

मनकर्णाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या जवळ आल्या नाहीत. गुरुवारी सकाळी मात्र कुसुम उठली तेव्हा त्या कुंड्यांपाशी बसलेल्या दिसल्या, पानाला नाक लावून.

“पानाला नाही येत वास, माय. फळालाच येतो.”

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

शुक्रवारी दुपारी लालबागेच्या स्टेशनात सगळं बिऱ्हाड फलाटावर उतरलं. निंबाबाबा सामान चढवायला आले होते. आशाबाईंनी मुलींना पेरू दिले. मालतीनं कुसुमच्या गळ्यात हात टाकून एकदाच हुंदका दिला आणि लगेच ट्रंका मोजायला लागली. नंदकुमारनं निंबाबाबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. म्हातारा फक्त मान हलवत होता. जाताना नंदकुमार बहिणीसमोर उभा राहिला आणि या वेळी तिच्याकडे बघून म्हणाला, “पत्र मला टाक. वहिनीच्या नावानं नको.”

मनकर्णाबाई खिडकीशी बसल्या. गाडीनं शिटी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, “एक दे.”

“काय?”

“त्यातलं एक दे मला. अकोल्याला मागे अंगण आहे म्हणाला नंदू.”

कुंड्या निंबाबाबांच्या हातगाडीवर होत्या. लोधीपुऱ्यातून सरळ मागच्या खोलीकडे न्यायच्या म्हणून स्टेशनातच आणल्या होत्या. कुसुमनं कुंड्यांकडे पाहिलं. तीनच होती. प्रवासात जोड हलला तर दिलेलंही राहणार नाही. पण आई हात बाहेर काढून बसली होती, आणि तिच्या हाताची नखं कुसुमनं आज पहिल्यांदा नीट पाहिली. त्यांच्यात माती होती. सकाळी केव्हातरी बोट खुपसून पाहिलं होतं तिनं.

कुसुमनं सर्वांत भरलेलं कलम उचललं, ओलं पोतं नीट केलं आणि खिडकीतून आत दिलं. मनकर्णाबाईंनी ते मांडीवर घेतलं, पदरानं झाकलं.

“पाणी किती घालायचं?”

“सकाळी एक तांब्या. माती कोरडी लागली तरच.”

“उन्हात ठेवायचं?”

“नाही, सावलीत! पहिलं वर्ष सावलीतच!” गाडी हलली होती. कुसुम बरोबरीनं चालू लागली. “बुंध्यात नाही ओतायचं, कडेकडेनं!”

“काय म्हणतेस?”

“कडेनं, माय, कडेनं!”

आईनं मान हलवली. ऐकू आलं म्हणून की नुसतीच, ते समजलं नाही. फलाट संपला, कुसुम थांबली. तापीच्या दिशेनं डबे एकामागून एक वळत गेले. मग नुसता धूर राहिला, मग तोही नाही.

निंबाबाबा हातगाडीची दांडी धरून मागे उभे होते. “चाल बाई. ऊन लागून राहिलं रोपांले.”

ती वळली आणि मग तिच्या ध्यानात आलं की सोपट कधी सोडायचं ते आईला सांगायचं राहूनच गेलं. खोड जाड होईल तसं ते सालीत रुतत जातं. फार लवकर सोडलं तर जोड उघडतो, उशीर झाला तर तिथेच गळा आवळला जातो. दिवस मोजून ते कळत नाही, अंगठ्यानं चाचपून कळतं. पत्रात लिहिण्यासारखं ते नव्हतंच.

महाशिवरात्रीच्या सुमारास अकोल्याला एक खेप करावी लागणार होती.

“बाबा,” हातगाडीची दुसरी दांडी धरत ती म्हणाली, “फाल्गुनाआधी मला चार दिवस सुटी लागेल.”